बाणगंगेची वंशावळ

मलबार हिलच्या माथ्यावरची गर्दी कधी सरत नाही. शाळांच्या सहली, गावाकडून आलेले पाहुणे, नव्याने लग्न झालेली जोडपी हँगिंग गार्डनमध्ये फिरतात, झुडपे कातरून घडवलेले प्राणी पाहतात, मग रस्ता ओलांडून कमला नेहरू पार्कात जातात. म्हातारीच्या बुटावर मुलांना चढवले, मरीन ड्राइव्हच्या वळणाचा फोटो काढला, की मलबार हिल पाहून झाली असे समजून मंडळी चौपाटीकडे उतरतात. याच डोंगराच्या दक्षिण टोकाला, वाळकेश्वर रस्त्यावरून खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे फार थोडी पावले वळतात.

पायऱ्या उतरले की लांबट चौकोनी तलाव समोर येतो. चारही बाजूंनी पाण्यापर्यंत गेलेल्या दगडी पायऱ्या, पूर्वेच्या बाजूला दीपमाळा, पाण्यात बदकांचे थवे. तलावाला लागून चहूबाजूंनी अरुंद वाट आहे. चालू लागले की आपोआप प्रदक्षिणा घडते. वाटेच्या कडेला मंदिरे, मठ, धर्मशाळा, समाध्या, कौलारू घरे. कोणी कपडे वाळत घालतो आहे, कोणी गुरुजींसमोर दर्भ हातात घेऊन बसला आहे. घरांच्या मागे समुद्र आहे, इतका जवळ की भरतीच्या वेळी वाऱ्याला खारट वास येतो. तरीही तलावाचे पाणी गोडे आहे. ही बाणगंगा.

बाणगंगा किती जुनी, या प्रश्नाला तीन उत्तरे मिळतात. श्रद्धाळू माणूस रामाच्या वनवासापर्यंत जातो. परंपरेने सांगितला जाणारा इतिहास ११२७ हे साल देतो. कागदपत्रांवर भर देणारा १७१५ म्हणतो. तिन्ही उत्तरांत कोणीतरी बांधणारा आहे: राम, शिलाहारांचा मंत्री किंवा मुंबईचा एक व्यापारी. मला मात्र वाटते की या वस्तीची वंशावळ मांडायची तर मूळ पुरुषाच्या जागी माणसाचे नाव घालता येणार नाही. तिथे झरा लिहावा लागेल. राजे गेले, देवळे पडली, आश्रयदाते तुरुंगात मेले. दर वेळी नवी माणसे आली आणि त्याच पाण्याभोवती बसली.

खडकातले पाणी

मुंबईचा पाया ज्वालामुखीच्या खडकाचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जमिनीवर गोड्या पाण्याची तळी साचली आणि पुढच्या लाव्हाखाली त्यांचा गाळ दबून गेला. वरळीच्या टेकडीतल्या अशा गाळाच्या थरांत लहान बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. मलबार हिलही त्याच जातीच्या खडकांची. डोंगरावर पडणारा पाऊस खडकाच्या भेगांतून झिरपत खाली येतो, घट्ट थर लागला की आडवा सरकतो आणि उताराच्या पायथ्याशी बाहेर पडतो. डोंगरातून येणाऱ्या या पाण्याचा रेटा टिकून आहे तोवर समुद्राचे खारे पाणी आत घुसत नाही. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर गोडे पाणी मिळण्याचे कारण हे आहे.

हे कारण ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी आपल्या परीने ते शोधले. सीतेच्या शोधात निघालेले राम-लक्ष्मण या ठिकाणी थांबले. रामाच्या पूजेसाठी लक्ष्मण रोज काशीहून शिवलिंग आणत असे. एके दिवशी त्याला उशीर झाला, तेव्हा रामाने किनाऱ्यावरच्या वाळूचे लिंग केले, तोच वाळकेश्वर. रामाला तहान लागली, जवळ सगळे खारे पाणी, म्हणून त्याने जमिनीत बाण मारला आणि पाताळातली भोगावती वर आली. तलावाच्या मध्यभागी उभा असलेला खांब बाण लागल्याची जागा दाखवतो. ही कथा मला फार मोलाची वाटते, कारण तिने या जागेचे मर्म नेमके पकडले आहे. तिच्यात देवळाआधी तहान येते, आणि भोवती समुद्र असताना प्यायला थेंब नाही ही तर किनाऱ्यावरच्या माणसाची रोजची अडचण. मलबारपासून गुजरातपर्यंत गलबते चालवणाऱ्या खलाशांना किनाऱ्यालगतचा गोडा झरा म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

उत्तर कोकणावर नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत शिलाहारांची सत्ता होती. अंबरनाथचे शिवमंदिर त्यांच्याच काळातले. बाणगंगेचा तलाव शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्याने ११२७ मध्ये बांधवला, असे परंपरा सांगते. बांधकामाच्या तपशिलाबद्दल वाद घालता येईल. पण इथे शिवालय होते आणि ते साधेसुधे नव्हते, याची साक्ष पुढच्या काळात एका परक्या माणसाने देऊन ठेवली आहे.

पडलेले देऊळ, उरलेला तलाव

१५३४ मध्ये वसईच्या तहाने मुंबईची बेटे पोर्तुगिजांकडे गेली. त्यांच्या अमलात वाळकेश्वराचे जुने देऊळ पडले. ते आजच्या तलावाशेजारी नव्हते. डोंगराच्या अगदी टोकाला, समुद्राच्या बाजूला होते. पुढे इंग्रजांना आंदण म्हणून बेटे मिळाली, १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली आणि १६७३ च्या अखेरीस जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर मुंबईत उतरला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापले गेले. त्यात मलबार हिलचे वर्णन आहे: खडकाळ, झाडांनी भरलेला डोंगर, माथ्यावर पारशांनी नुकताच उभारलेला दखमा, म्हणजे मृतदेह ठेवण्याचा मनोरा, आणि समुद्राकडच्या उतारावर एका प्रचंड देवळाचे अवशेष. त्या अवशेषांजवळ गोड्या पाण्याचा तलाव आहे आणि मलबारी लोक मुख्यतः त्यासाठी इथे येतात, असेही तो नोंदवतो.

बाणगंगेच्या वंशावळीतला हा सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे असे मी मानतो. देऊळ भुईसपाट झाले होते. पूजा चालवणारी राजसत्ता जाऊन शतके लोटली होती. पोर्तुगिजांनी तर मूर्तिपूजेला बंदीच घातली होती. तरी तलाव होता, आणि दूरच्या किनाऱ्यावरून माणसे येत होती. देवळाच्या आधाराने तलाव जगला असता तर देवळाबरोबर तोही बुजला असता. घडले उलटे. तलावाने जागेची आठवण धरून ठेवली, म्हणून देऊळ परत येऊ शकले. डोंगराला मलबार हे नावही याच खलाशी-यात्रेकरूंमुळे पडले असे मानतात.

तलावाइतकीच चिवट निघालेली दुसरी गोष्ट म्हणजे श्रीगुंडी. डोंगराच्या टोकाच्या खडकात एक अरुंद फट होती. तिच्यातून सरपटत पलीकडे निघाले की पाप धुऊन माणसाचा नवा जन्म होतो, अशी श्रद्धा. इंग्रज लेखकांनी अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी तिच्याबद्दल कुतूहलाने लिहिले. शिवाजी महाराज आणि कान्होजी आंग्रे शत्रूच्या बेटावर गुपचूप येऊन या फटीतून गेले, अशा आख्यायिका होत्या. पेशवाईतून परागंदा होऊन इंग्रजांच्या आश्रयाला आलेले रघुनाथराव मुंबईत असताना श्रीगुंडीतून गेल्याचेही सांगितले जात असे. आख्यायिकांच्या खरेखोटेपणापेक्षा त्यांचा आवाका पाहण्यासारखा आहे. बेट पोर्तुगिजांचे असो की इंग्रजांचे, समुद्रापलीकडच्या मराठी मुलखाने या टोकावरचा आपला हक्क सोडला नव्हता.

रामा कामत

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने एक व्यवहारी निर्णय घेतला. बेटाला व्यापारी हवे होते, आणि देवधर्मात ढवळाढवळ होणार असेल तर व्यापारी येणार नव्हते. त्याने धर्मस्वातंत्र्याची हमी दिली. पारशी, गुजराती वाणी, आर्मेनियन, कोकणी मुसलमान आले. त्यांच्यात सारस्वतही होते, आणि त्या सारस्वतांत पुढे सर्वांत मोठा झाला तो रामा कामत.

कामत कंपनीशी व्यापार करत होता, बेटाच्या रक्षणासाठी भंडाऱ्यांची फौज सांभाळत होता, गव्हर्नरच्या बैठकीत त्याचा शब्द चालत होता. १७१५ मध्ये त्याने वाळकेश्वराचे देऊळ नव्याने बांधवले आणि तलावाचा जीर्णोद्धार केला. जुन्या देवळाची टोकावरची जागा त्याने सोडली आणि नवे देऊळ तलावाच्या काठी आणले. या एका निर्णयाने पुढचे सगळे ठरले. आधी देऊळ एकीकडे आणि पाणी दुसरीकडे होते. आता दोन्ही एकत्र आली आणि त्यांच्याभोवती वस्ती धरू लागली. आज दिसते ती बाणगंगा या अर्थाने कामताची आहे.

तीन वर्षांनी, १७१८ च्या नाताळात, कोटात सेंट थॉमस चर्च पहिल्यांदा उपासनेसाठी उघडले. पाद्री रिचर्ड कॉब याने त्या दिवसाचे वर्णन लिहून ठेवले आहे. रामा कामत आपल्या जातीच्या मंडळींना घेऊन आला होता, आणि उपासनेतली शिस्त पाहून ती सर्व मंडळी प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभी राहिली. स्वतःचे देऊळ बांधून मोकळा झालेला माणूस दुसऱ्याच्या देवघराबाहेर आदराने उभा राहतो, हे दृश्य मुंबईच्या इतिहासात अधिक वेळा सांगितले जायला हवे.

मग दिवस फिरले. गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजी आंग्र्यांच्या किल्ल्यांवर मोहिमा काढल्या आणि त्या फसल्या. विजयदुर्ग हाती आला नाही, खांदेरी आली नाही. पराभवाला कोणीतरी फितूर हवा होता. १७२० मध्ये रामा कामतावर आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवून खटला चालवला गेला. त्याच्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी पेच आवळून कबुली काढण्यात आली. पुराव्यात ठेवलेली पत्रे बनावट होती, असे नंतर उघड झाले. पण त्याआधीच शिक्षा झाली होती: जन्मठेप आणि सगळी मालमत्ता जप्त. १७२८ मध्ये रामा कामत कैदेतच वारला.

त्याचे वाडे गेले, व्यापार गेला, मान गेला. वाळकेश्वर राहिले. देवाच्या आणि पाण्याच्या नावे केलेले काम जप्तीच्या यादीत बसत नव्हते. एका माणसाच्या उत्कर्षातून उभी राहिलेली वस्ती त्याच्या पाडावानंतरही टिकली, याचे कारण तोवर ती त्याची एकट्याची उरली नव्हती. मुंबईत सेंट थॉमस चर्चला नाव आहे, चर्चगेटला नाव आहे. ज्याने या शहराला सर्वांत जुने जिवंत तीर्थ परत मिळवून दिले त्याचे नाव मात्र बहुतेक मुंबईकरांना ओळखता येत नाही. मला याची खंत वाटते.

गोव्याहून आलेला वारसा

कामताच्या मागे जो समाज उभा होता त्याला देवळे पडण्याचा अनुभव नवा नव्हता. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या गोव्याच्या तालुक्यांत पोर्तुगिजांनी देवळे पाडली, तेव्हा सारस्वतांनी रातोरात आपले देव उचलून नदीपलीकडे नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. माणसे कारवार, मंगळूर, कोचीनपर्यंत पांगली, काही उत्तरेकडे कोकणात आली. त्याच सत्तेच्या काळात पडलेले वाळकेश्वर पुन्हा उभारायला एक सारस्वत पुढे आला, यात मला इतिहासाची एक गाठ दिसते. गोव्यात त्यांना देव हलवावे लागले होते. मुंबईत त्यांना एक पडलेला देव पुन्हा बसवता आला.

त्यानंतर मठ आले. स्मार्त सारस्वतांचा, कवळ्याला मुख्य पीठ असलेला गौडपादाचार्य मठ तलावाच्या काठी आहे. वैष्णव सारस्वतांच्या काशी मठाची शाखाही इथेच आहे. तिथे १७७५ मध्ये समाधिस्थ झालेल्या माधवेंद्र तीर्थ स्वामींचे वृंदावन आहे. तलावाची मालकी आजही गौड सारस्वत ब्राह्मण टेंपल ट्रस्टकडे आहे.

पण बाणगंगा एका जातीची झाली नाही, आणि तिचे मोठेपण इथेच आहे. थोड्या अंतरावर दशनामी गोसाव्यांचा आखाडा आहे. त्यांच्यात मृतांना अग्नी देत नाहीत, समाधी देतात. म्हणून तिथे दगडी समाध्यांच्या ओळी दिसतात. कोकणाला आपली भूमी देणारा म्हणून ज्याची कथा सांगतात त्या परशुरामाचे मंदिर आहे, तसे मुंबईत क्वचितच सापडते. व्यंकटेशाचे मंदिर आहे, गुजराती व्यापाऱ्यांच्या काळात वाढलेली शिवालये आहेत. ज्याला जसे जमले तसे त्याने काठावर आपले घर केले, आपला देव बसवला, पण पाणी कोणी वाटून घेतले नाही. सगळ्यांच्या पायऱ्या एकाच पाण्यात उतरतात. १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ लिहून मराठीत पहिल्यांदा या शहराची सविस्तर ओळख करून दिली, तेव्हा वाळकेश्वर हे मुंबईकरांचे ठरलेले तीर्थ होते.

डोंगराचे मालक बदलतात

इतके जुने तीर्थ नजरेआड कसे झाले? उत्तर डोंगराच्या दोन्ही टोकांना मिळते.

१८१९ ते १८२७ या काळात गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी मलबार पॉइंटवर हवा खाण्यासाठी एक छोटा बंगला बांधला. त्यांच्या मागून आलेल्या जॉन माल्कम यांना ती जागा इतकी आवडली की त्यांनी तिथेच वास्तव्य केले. गव्हर्नरचे अधिकृत निवासस्थान तरीही परळलाच होते. पुढे परळच्या वाड्यात गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने अंत झाला. ज्यांचे नाव पुण्याच्या महाविद्यालयाला आहे तेच हे फर्ग्युसन. १८८५ मध्ये सरकारी निवास कायमचा मलबार पॉइंटला आला. आजचे राजभवन ते हेच. ज्या टोकावर वाळकेश्वराचे मूळ देऊळ होते आणि जिथे श्रीगुंडीची फट होती, ते टोक अशा रीतीने पहाऱ्याच्या आत गेले. तलाव आणि त्याचे सर्वांत जुने स्थान यांच्यामध्ये भिंत उभी राहिली.

वरच्या बाजूला साहेबांचे, मग पारशी आणि गुजराती शेटियांचे बंगले झाले. १९०४ मध्ये रस्त्याच्या कडेला बाबू अमीचंद पन्नालाल यांचे देखणे जैन मंदिर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर बंगल्यांच्या जागी उंच इमारती आल्या. बाणगंगा मुळातच खोलगट जागी. भोवती जसजशी उंची वाढली तसतशी ती अधिक खोल गेली. रस्त्यावरून चालणाऱ्याला आता तिचा थांगही लागत नाही. मुंबईच्या सर्वांत महागड्या जमिनीच्या मधोमध जुनी घरे आणि भाडेकरूंची कुटुंबे राहिली, किनाऱ्याच्या खडकांवर झोपड्यांची दाटी झाली, बाजूला स्मशानभूमी राहिली. शांतता टिकली ती मुद्दाम जपून नव्हे, तर चहूबाजूंनी वेढा पडल्यामुळे.

नळाचे पाणी

मुंबईच्या इतर तलावांचे काय झाले हे पाहिल्यावर बाणगंगेचे टिकणे किती विशेष आहे ते कळते.

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. त्याआधी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा आला. नळ घरोघरी पोचू लागले तसे शहरातले तलाव बिनकामाचे ठरले, मग घाण झाले, मग रोगाचे कारण ठरले. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला आणि उघड्या विहिरी-तलावांकडे बोट दाखवले. विहिरी झाकण्याच्या आणि तलाव बुजवण्याच्या कामाने जोर धरला. आज धोबी तलाव म्हणून आपण चौकात उतरतो, तिथे तलाव नाही. गोवालिया टँकला १९४२ च्या लढ्याची आठवण आहे, पाणी नाही. बाबुला टँक, दो टाकी, मुंबादेवीचा तलाव: नावे नकाशावर उरली, पाणी मातीखाली गेले.

नळाच्या याच युगात मलबार हिलच्या माथ्यावर एक नवा तलाव तयार झाला. दक्षिण मुंबईला पाणी पुरवण्यासाठी १८८० च्या दशकात डोंगरावर मोठा जलाशय बांधण्यात आला. त्यात १४ कोटी लिटरहून अधिक पाणी मावते. तो वरून झाकला, छतावर माती टाकली आणि बाग केली. ती बाग म्हणजे हँगिंग गार्डन. रोज तिथे फिरणाऱ्या माणसांच्या पायांखाली पाणी आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

एकाच डोंगरावर मुंबईच्या पाण्याची अशी दोन युगे नांदत आहेत. वरचे पाणी दूरच्या धरणातून येते, झाकलेले असते, त्याचा आणि माणसाचा संबंध नळाच्या तोटीपुरता. खालचे पाणी त्याच जागेच्या खडकातून येते आणि तिथवर पायऱ्या उतरून जावे लागते. इतर तलाव वरच्या युगाने गिळले. बाणगंगा दोन कारणांनी वाचली असे मला वाटते. एक तर तिचे पाणी साचलेले नव्हते. झरा सतत वाहत होता आणि जादा पाणी समुद्राला जात होते. दुसरे म्हणजे तोवर तिचे पाणी पिण्यासाठी लागत नव्हते, पण मरणासाठी लागत होते. अस्थी, तर्पण, दहावे-तेरावे, श्राद्ध ही कामे नळावर होत नाहीत. पूर्वजांना पाणी देण्यासाठी वाहते, जिवंत पाणी हवे असते. कोटातली भिकाजी बेहराम यांची १७२५ ची विहीर पारशांच्या श्रद्धेने जशी राखली, तशी बाणगंगा पितरांच्या ऋणाने राखली.

आजची वस्ती, आजचे प्रश्न

आजही भाद्रपदातल्या पितृपक्षात बाणगंगेच्या पायऱ्या माणसांनी भरून जातात. सगळ्यांना नाशिकला किंवा गयेला जाणे जमत नाही; मुंबईतल्या माणसाला ही जवळची गंगा आहे. कार्तिक पौर्णिमेला काठावर दिवे लागतात आणि आरती होते. एरवी संध्याकाळी आजूबाजूची मुले पाण्यात उड्या मारतात. काठावरच्या माणसांचे या पाण्याशी असलेले नाते अजून रोजचे आहे.

त्याच नात्यातून एक दुखणेही आले आहे. सर्वपित्री अमावस्येनंतर पिंड, भात आणि पीठ पाण्यात साचून कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरून वर येतात. अनेक वर्षी हे घडले आहे. काठावर राहणाऱ्यांनी, ट्रस्टने आणि महापालिकेने मिळून पिंड वेगळे गोळा करण्याची सोय केली, गुरुजींनी यजमानाला दोन शब्द सांगितले, तर श्रद्धेला बाध न येता हे थांबू शकते. पितरांना अर्पण केलेल्या घासाने जिवंत जीव गुदमरू नयेत, हे कोणत्याही शास्त्राला मान्य होईल.

वास्तू म्हणून बाणगंगेला संरक्षण आहे. ती राज्य संरक्षित स्मारक आहे आणि मुंबईच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे. १९९० च्या दशकात इथे शास्त्रीय संगीताचा महोत्सव सुरू झाला, तेव्हा अनेक मुंबईकरांनी हा तलाव पहिल्यांदा पाहिला. अलीकडे जीर्णोद्धाराची कामेही निघाली. पण जून २०२४ मध्ये गाळ काढण्यासाठी यंत्र थेट पायऱ्यांवरून तलावात उतरवले गेले आणि जुने दगड तुटले. पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला. तुटलेले दगड नंतर बसवताही येतात. पण ही घटना नीट पाहिली पाहिजे. ज्याने यंत्र उतरवले त्याच्या लेखी तलाव म्हणजे गाळाने भरलेला खड्डा होता. पायऱ्या कोणासाठी आहेत हा प्रश्न त्याला पडलाच नाही. जागेशी रोजचे नाते नसलेल्या माणसाच्या हाती तिची डागडुजी गेली की असे होते.

जीर्णोद्धाराचे आराखडे होतील. दगड स्वच्छ होतील, रोषणाई येईल, कदाचित वरच्या बागेतली गर्दीही खाली उतरेल. त्याला माझा विरोध नाही; बाणगंगा अधिक माणसांनी पाहावी असेच मला वाटते. पण वंशावळ मांडून झाल्यावर दोन गोष्टी ठामपणे सांगाव्याशा वाटतात.

पहिली, वस्ती हा स्मारकाचाच भाग आहे. शिलाहारांचे दगड इथे फारसे उरलेले नाहीत. कामताचे मूळ देऊळही उरलेले नाही. आज वाळकेश्वराला जाणाऱ्याला विसाव्या शतकात काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेली इमारत दिसते. दगडांच्या वयावर या जागेचे मोल ठरवले तर ती फसवी ठरेल. इथे अखंड चालत आलेला आहे तो वापर: नहाणे, तर्पण, पूजा, मुक्काम, शेजार. मठातला भटजी, भाड्याच्या खोलीतले कुटुंब, खडकावरची झोपडी, सगळी त्या वापराची माणसे आहेत. त्यांना हलवून काठ मोकळा केला तर उरेल ती बाणगंगेची प्रतिकृती.

दुसरी, झऱ्याची हद्द तलावाच्या पायऱ्यांपाशी संपत नाही. पाणी वरून येते. माथ्यावरची झाडे, बंगल्यांची आवारे, उघडी माती, यांतून मुरलेला पाऊस खाली पोचतो. आता तिथे तळघरे खणली जातात, खोल पाये घातले जातात, अंगणे फरशीने झाकली जातात. खडकातली एखादी वाट तुटली तर ती जोडता येत नाही. वारसा यादी तलावाला वाचवते. डोंगरात मुरणाऱ्या पावसाला वाचवणारा नियम मात्र हवा तसा भक्कम नाही. मलबार हिलवर नवे बांधकाम मंजूर करताना भूजलाचा अभ्यास सक्तीचा करावा, आणि शिल्लक राहिलेली मोकळी जमीन मोकळीच ठेवावी. हे काम महापालिकेचे आहे आणि ते तिच्याकडून करून घेणे नागरिकांचे.

देवळे पुन्हा बांधता येतात. बाणगंगेच्या काठी ती बांधली गेली आहेत, एकदा कैदेत मरणाऱ्या माणसाच्या पैशाने, एकदा सिमेंटने. पण या वंशावळीत जो मूळ पुरुष आहे त्याचा जीर्णोद्धार कोणत्याही ट्रस्टला किंवा सरकारला करता येणार नाही. रामा कामताने या पाण्याला पायऱ्या दिल्या. आपल्याकडून त्याला हवी आहे ती माथ्यावरची थोडी उघडी माती, जिच्यातून पाऊस आत जाऊ शकेल.